शनिवार तेली

अलिबागच्या आसपासच्या गावांत पूर्वी काही तेली राहायचे. आठवडाभर त्यांचा बैल गरागरा फिरायचा, घाणा करकरायचा. शनिवारी मात्र बैल गोठ्यात आणि घाणा गप्प! गिऱ्हाईक दारातून परत गेलं तरी बेहत्तर, पण शनिवारी तेल गाळायचं नाही. लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. हे होते बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. ज्यूंना यहुदीही म्हणतात.

शनिवारच का? देवाने सहा दिवसांत सृष्टी निर्माण केली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला, असं ज्यू मानतात. हा सातवा दिवस म्हणजे शब्बाथ. शुक्रवारी सूर्य मावळण्याआधी घरातली आई दिवे लावते. तेव्हापासून शनिवारी रात्री तीन चांदण्या दिसेपर्यंत काम बंद. विस्तवही पेटवायचा नाही, म्हणून स्वयंपाक आधीच उरकायचा. आणि गंमत म्हणजे ही सुट्टी एकट्या मालकाला नाही. नोकराला आणि बैलालासुद्धा! मला हा नियम फार आवडतो. आमच्या वर्गातली पोरं तर म्हणाली, "बाई, आपण बैलच बरे!"

ज्यूंचा देव एकच, आणि त्याला रूप नाही. म्हणून त्यांच्या प्रार्थनामंदिरात, म्हणजे सिनेगॉगमध्ये, मूर्ती नसते. तिथे असतो तोरा हा पवित्र ग्रंथ, चामड्याच्या लांबलचक गुंडाळीवर हाताने लिहिलेला. मुलगा तेरा वर्षांचा झाला, की धर्माचे नियम पाळायची जबाबदारी त्याची स्वतःची.

बेने इस्राएलांची परंपरा सांगते, की त्यांच्या पूर्वजांचं गलबत नवगावजवळ फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. पोथ्या समुद्रात गेल्या. पुढे हिब्रू भाषाही विसरली, घरात मराठी आली. मग आपण कोण, हे लक्षात कसं राहणार? शब्बाथ राहिला, देव एकच असल्याचं सांगणारी 'शेमा' ही प्रार्थना राहिली, आणि राहिले खाण्याचे नियम. पुष्कळ वर्षांनी डेव्हिड रहाबी नावाचे ज्यू गृहस्थ कोकणात आले. हे लोक खरंच आपले का, हे बघायला त्यांनी बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले म्हणे. बायकांनी पर आणि खवले असलेले तेवढे घेतले, बाकीचे बाजूला सारले. तोराचा नियम नेमका हाच! पापलेट चालतं, पण कोळंबी आणि खेकडा नाही. रहाबींची खात्री पटली.

1796 साली मुंबईत बेने इस्राएलांचं पहिलं सिनेगॉग उभं राहिलं. ते लोक त्याला चक्क 'मशीद' म्हणत. 1948 साली इस्राएल देश झाला आणि हळूहळू बहुतेक कुटुंबं तिकडे गेली. पण पेणकर, रोहेकर, किहीमकर ही आडनावं सोबत गेली, आणि गोड पोह्यांचा मलिदाही. नवस फेडताना किंवा लग्नाच्या वेळी गूळ-खोबरं घातलेले हे पोहे फळांबरोबर ताटात मांडतात आणि एलिया संदेष्ट्याचं नाव घेतात.

अलिबागला गेलात तर 'इस्राएल आळी' कुठे, असं विचारा. तिथलं सिनेगॉग अजून उभं आहे.