गादीखालचा वाटाणा

नाटकात बाई दांडगी झाली अन् बाप्या भित्रा झाला की टाळ्या पडतात. लोक म्हणतात, सगळं उलथलं. मी म्हणतो, आधी गादी उचला. खाली काय ठेवलंय ते बघा.

मे १९५९ मध्ये न्यूयॉर्कला एक संगीत नाटक आलं, 'वन्स अपॉन अ मॅट्रेस'. संगीत मेरी रॉजर्सचं, गोष्ट हान्स अँडरसनची, १८३५ सालची. खरी राजकन्या ओळखायची कशी? वीस गाद्यांखाली एक वाटाणा ठेवायचा. जिला टोचला, तिचं रक्त राजघराण्याचं!

नाटकवाल्यांनी यातले बाई-बाप्ये उलटे केले. राजपुत्र आईच्या धाकात. राज्य राणीचं, राजा शापानं मुका. राजकन्या विनिफ्रेड दलदलीच्या मुलखातली, खंदक पोहून वाड्यात घुसणारी. कॅरोल बर्नेटनं ती गाजवली. राणीनं आधीच्या बारा जणी नापास केलेल्या. पोराचं लग्न होईस्तोवर राज्यात कुणी लग्न करायचं नाही, असा कायदा. इथवर मला नाटक पटतं. खंदक पोहणारी बाई आपल्या पोरींनी बघावीच.

पण पुढं बघा. विदूषक अन् त्याचे साथीदार गादीत हत्यारं कोंबतात. विनिफ्रेड रात्रभर तळमळते, पास होते. परीक्षाच लबाडीची, हे नाटकच सांगतं. तिथं पडदा पाडला असता तर मी शिट्टी मारली असती. नाही पाडला. हत्यारं काढली तरी तिला झोप येत नाही. वाटाणा काढला तेव्हा डोळा लागतो. म्हणजे शेवटी रक्तच खरं ठरलं! वर राजाला वाचा फुटते अन् राणी मुकी होते. उलटं केलेलं पुन्हा सुलटं.

कुणी म्हणेल, अरे गंमत आहे ती. भाषणात कुणी रक्ताची थोरवी गायली असती तर आपण त्याला खाली ओढला असता. गमतीत आली की आपणच टाळी देतो.

मी गोदीत माल उचलतो. माझ्या खांद्यावर घट्टे आहेत, मला खडी टोचत नाही. नाजूक कातडी कुणाची राहते? ज्याचं ओझं दुसरा वाहतो त्याची. त्या आरामाला हे रक्त म्हणतात. आपल्याकडंही हेच. तू काय करतोस ते नंतर, कुणाच्या पोटचा ते आधी.

अँडरसन स्वतः जोडे शिवणाऱ्याचा पोरगा, आई लोकांची धुणी धुणारी. तरी त्यानं गोष्टीत वाटाणा जपून संग्रहालयात ठेवला. नाटक २०२४ मध्ये ब्रॉडवेवर पुन्हा लागलं.

वस्तीत एकांकिका बसवणाऱ्यांनो, बाईला राज्य द्या, बाप्याला चूल द्या, जरूर द्या. पण तिला जन्माचा दाखला मागणारा तो पलंग आधी मोडा. वाटाणा हाती लागला तर जात्यात घाला.