धाबं गेलं, गॅरंटी आली

मार्च लागला की आमच्या अकोला-अमरावतीकडे दोन कामं निघतात. कूलरच्या ताट्या बदलणं आणि स्लॅबवर काहीतरी फासणं. दुसऱ्या कामाच्या वेळी प्रत्येक जण दुकानात एकच प्रश्न विचारतो, किती वर्षं टिकते? दुकानदार डब्याकडे बोट दाखवतो. पाच, सात, दहा... आकडा छापलेलाच असतो. माझा राग या आकड्यावर आहे.

कारण तो आकडा गळतीचा असतो, गारव्याचा नाही. पांढऱ्या लेपाचा गारवा त्याच्या पांढरेपणात असतो. नवा असताना तो अंगावर पडलेल्या उन्हाचा जवळपास ऐंशी टक्के भाग परत पाठवतो. मग आपल्या काळ्या मातीची धूळ त्यावर बसते, पावसाळ्यात शेवाळ धरतं, आणि दोन-तीन वर्षांत ही परतफेड बरीच घटते. लेप शाबूत, गारवा गायब! धुतला तर बराचसा परत येतो, पण हे विकताना कोण सांगतं? माझ्या गच्चीवर लेप मारणाऱ्या ठेकेदारानं कागदावर गॅरंटी लिहून दिली होती. तिसऱ्या उन्हाळ्यात गच्ची राखेच्या रंगाची झाली, रात्री अकरा वाजता खालच्या खोलीत बसवेना. त्याला फोन केला तर म्हणाला, "गळते का? नाई ना? मंग गॅरंटीत नाई बसत भाऊ." कागद पाहिला. खरंच, गारव्याचं त्यात एक अक्षर नव्हतं.

आता जुन्या धाब्याच्या घराकडे पाहा. सागाचे खांब, त्यावर सरे, त्यावर लाकडी किलचा किंवा तुराट्या आणि वर हात-दीड हात माती. तीही कुठलीही नाही, खारी माती. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात ज्या खारटपणानं शेतकऱ्याचं पाणी नासलं, तोच इथे कामाला आला. अशी माती ओली झाली की फुगते, तिची छिद्रं बुजतात आणि पाणी खाली उतरत नाही. दर वर्षी मृगाच्या आधी गवत उपटायचं, नवी माती टाकायची, चोपायची. एका म्हाताऱ्या मिस्त्रीला मी हाच प्रश्न विचारला होता, धाबं किती वर्षं टिकतं? "टिकवसान तितके वर्सं," तो म्हणाला आणि पुन्हा कामाला लागला.

हे जुन्याचं कौतुक म्हणून सांगत नाही, हिशेब करा. घरांसाठी २०१८ साली केंद्रानं इको-निवास संहिता काढली. तिच्यानुसार छतामधून, आत-बाहेरच्या एका अंशाच्या फरकाला, चौरस मीटरमागे १.२ वॅटपेक्षा जास्त उष्णता येता कामा नये. नुसत्या सहा इंची स्लॅबमधून याच्या अडीच-तीन पट येते. फूटभर माती आणि खाली लाकूड धरलं तर आकडा १.२ च्या आसपास येतो. म्हणजे आपल्या आजोबांचं घर संहितेत जवळजवळ बसत होतं, आणि आपलं 'पक्कं' घर तिच्या दाराशीही उभं राहत नाही.

या 'पक्कं' शब्दाशीच माझं भांडण आहे. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ साली सुरू झाली, सपाट प्रदेशात घरामागे १ लाख २० हजार रुपये धरले. लाभार्थी कोण? बेघर, नाहीतर ज्याची भिंत कच्ची आणि छप्पर कच्चं तो. कच्चं म्हणजे माती! त्या रकमेत माणूस २५ चौरस मीटरचं घर बांधतो, वर टिना टाकतो किंवा उघडा स्लॅब. छतावर उष्णता अडवणारं काही घालायला पैसा उरतोच कुठे? सरकारच्या यादीत घर पक्कं झालं, आतला माणूस मात्र भाजतो.

मे २०२४ मध्ये अकोल्यात पारा ४५ च्या वर गेला, तेव्हा प्रशासनानं ३१ मेपर्यंत कलम १४४ लावलं. दंगल नाही, उन्हासाठी जमावबंदी! हेतू चांगला होता, शंका नाही. पण घरात थांबा म्हणताना घर कसलं आहे हे कुणी विचारलं? टिनाखाली दुपारी तीनला थांबणं म्हणजे तव्याखाली थांबणं. स्लॅबवाल्याची पाळी तीन-चार तासांनी येते. दिवसभर प्यायलेलं ऊन तो संध्याकाळपासून खाली सोडत बसतो.

मी कोणाला परत धाब्यात जायला सांगत नाही. विंचू, ढेकूण, झडीत कोसळणाऱ्या भिंती आणि डोक्यावरून मातीची टोपली वाहणाऱ्या बाया, हे सगळं त्या घरात होतं. सागही आता कुठून आणणार? पण निदान टिकण्याचा अर्थ तरी नीट लावा. उष्णता अडवणाऱ्या वस्तू वयानं मरत नाहीत, त्यांना पाणी, ऊन आणि उंदीर मारतात. थर्माकोल कोबाखाली झाकलेला असेल तर पिढीभर राहील, उघडा ठेवला तर उन्हानं पिवळा पडून भुकटी होईल. (आणि साधा थर्माकोल छताला आतून चिकटवणाऱ्यांनी तो पेटतो कसा, हे एकदा बाहेर अंगणात पाहावं.) काचेची लोकर कुजत नाही, पण एकदा भिजून दबली की तिच्यातली हवा गेली, म्हणजे कामच गेलं. ती वाळवून परत लावणारे महाभाग मी पाहिले आहेत. फवारलेला फोम सुरुवातीला थोडा गुण गमावतो, मग स्थिरावतो, पण वरचा लेप तडकला की ऊन त्याला खातं. चुना तर एका पावसाचा सोबती, त्यानं कधी दहा वर्षांचा दावाही केला नाही. पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा थर मात्र बाईनं झाडू मारला तरी वर्षानुवर्षं चालतो, आणि त्याची जाहिरात कुठेच दिसत नाही.

तेलंगणानं २०२३ साली थंड छतांचं धोरण काढलं. अहमदाबादेत २०१३ पासून उष्णतेचा आराखडा आहे. आपल्याकडे घरकुलाच्या अंदाजपत्रकात छतावरच्या थरासाठी एक वेगळी ओळ टाकायला काय हरकत आहे? आणि त्याच्याखाली दुसरी, दर मार्चात गच्ची धुण्याची मजुरी. रोजगार हमीतून तळी खोदता येतात, गाळ काढता येतो, मग गावातल्या शाळेची आणि अंगणवाडीची छतं धुऊन पांढरी का करता येऊ नयेत? अंगणवाडीवर टिना आहेत, खाली तीन वर्षांची पोरं आहेत.