उंदराची गुंगी आणि माणसाचा गुडघा

मुंबईतले बोरिवली असो, घाटकोपर असो की मुलुंड, काष्ठौषधींच्या दुकानात दोन तक्रारी हमखास ऐकू येतात: रात्री झोप लागत नाही आणि गुडघे दुखतात. रोज लोकलमध्ये तासन् तास उभे राहणाऱ्या माणसाला दोन्ही एकदमच असू शकतात. दुकानदार अश्वगंधा देतो, जटामांसी देतो, निर्गुडीचे तेल पुढे करतो. हल्ली अनेक डब्यांवर 'शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध' असेही छापलेले असते. सिद्ध झाले ते कोणावर, हे मात्र डबा सांगत नाही.

पुष्कळदा ते उंदरावर सिद्ध झालेले असते.

वनस्पतीचा वेदनाशामक गुण तपासण्याची पद्धत औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पाठ असते. अर्क दिलेल्या उंदराला सुमारे ५५ अंश सेल्सियसला तापवलेल्या पत्र्यावर ठेवायचे आणि तो पंजा चाटायला किंवा उडी मारायला किती सेकंद घेतो ते मोजायचे. भाजू नये म्हणून ठरलेल्या वेळी त्याला उचलायचे. दुसऱ्या चाचणीत पोटात सौम्य ॲसेटिक ॲसिड टोचतात आणि तो किती वेळा अंग पिळवटतो ते मोजतात. शांत करणारा गुण पाहायचा असेल तर प्रकाशकिरणांच्या पिंजऱ्यात त्याची हालचाल किती मंदावते ते नोंदवतात.

खरी मेख पुढे आहे. गुंगीत असलेला उंदीरही तापल्या पत्र्यावरून उशिराच उडी मारतो. त्याची वेदना कमी झाली, की नुसते अंग ढिले पडले? हे वेगळे काढण्यासाठी त्याला फिरत्या दांड्यावर चालवून पाहावे लागते. तोल जाऊन तो लवकर पडू लागला, तर 'वेदनाशामक' हा निष्कर्ष डळमळतो. झोप आणि वेदना या दोन्हींवर गुणकारी म्हणून विकल्या जाणाऱ्या वनस्पतीसाठी ही चाचणी टाळता येण्यासारखी नाहीच.

मात्रेचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. उंदराला किलोमागे २०० मिलिग्रॅम अर्क लागू पडला, तर शरीराच्या पृष्ठभागावर आधारलेल्या प्रचलित सूत्राने त्याला सुमारे १२ने भागावे लागते. साठ किलोच्या माणसासाठी तो दिवसाला जवळजवळ एक ग्रॅम अर्क होतो. सुक्या वनस्पतीतून दहा टक्के अर्क निघत असेल, तर ती दहा ग्रॅम वनस्पती झाली. दुकानातल्या गोळीत यातले किती आहे, हे वेष्टनावर कळत नसेल तर उंदरावरच्या प्रयोगाचा दाखला देण्यात अर्थ नाही.

याच शहराने एका शांत करणाऱ्या मुळीचा प्रवास नीट करून दाखवला आहे. सर्पगंधा उन्मादावर आणि रक्तदाबावर उपयोगी पडते, असा लेख गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच लिहिला होता. जगाने दखल घेतली ती १९४९ मध्ये, मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये ५० रुग्णांवरचे निष्कर्ष मांडले तेव्हा. ते वाचून बॉस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी मुळी वापरून पाहिली. रक्तदाब तर उतरलाच, शिवाय रुग्ण शांत झाल्याचे त्यांना दिसले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने मुळीतून रेसर्पिन वेगळे केले. १९५४ मध्ये न्यूयॉर्कचे नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवरील वापराचे निष्कर्ष मांडले आणि १९५७च्या लास्कर पुरस्काराच्या मानकऱ्यांत वकील आणि क्लाइन दोघेही होते.

या कहाणीचा उरलेला भाग सांगायचे अनेकदा राहून जाते. जास्त मात्रेत रेसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांना नैराश्याने घेरले, आणि रुग्णांच्या नोंदी ठेवल्या गेल्या म्हणूनच ते उघडकीला आले. मुळीचा गुण ज्या मार्गाने कळला, त्याच मार्गाने तिचा दोषही कळला.

उपनगरांचा वारसाही लहान नाही. गोरेगावात १९६३ मध्ये सिबाचे संशोधन केंद्र उभे राहिले आणि टी. आर. गोविंदाचारी यांच्या नेतृत्वाखाली तेथे वनस्पतींतील रसायनांवर काम झाले. मुलुंडच्या हेक्स्ट कंपनीच्या संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी मैनमुळातून फोर्स्कोलिन हे संयुग शोधले. पेशींमधील संदेशवहनाच्या अभ्यासासाठी ते पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत वापरले गेले. वैद्यकीय संशोधक डॉ. अशोक वैद्य यांनी आग्रहाने मांडलेली उलट्या क्रमाची वाटही मुंबईचीच: पिढ्यान् पिढ्या माणसांनी वापरलेल्या औषधाची आधी रुग्णांवर काळजीपूर्वक नोंद घ्यायची आणि मग प्रयोगशाळेत त्याचे कारण शोधायचे.

शतकानुशतकांचा वापर हाच पुरावा, असे अनेक वैद्य म्हणतात. अनेक डॉक्टर तपासण्याआधीच सगळे झटकून टाकतात. दोघांनाही उत्तर देणारी चाचणी महाराष्ट्रात झालेली आहे. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी गुडघ्याच्या संधिवाताच्या ४४० रुग्णांवर २४ आठवडे केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. कोणाला कोणते औषध मिळते आहे, हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्यालाही. सुंठ-गुळवेलीवर आधारलेली औषधे वेदना कमी करण्यात ग्लुकोसामाइन आणि सेलेकोक्सिब यांच्या तोडीची ठरली. त्याच अहवालात हेही नोंदले आहे की, आयुर्वेदिक औषध घेणाऱ्या २८ जणांच्या रक्तात यकृताचे एक विकर वाढले आणि ज्यांचे औषध थांबवले त्यांच्यात ते पूर्ववत झाले.

ही नोंद किती मोलाची होती, हे कोविडच्या काळात दिसले. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० दरम्यान मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला झालेल्या इजेची नोंद केली. गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गफलत झाली असावी, असे आयुष मंत्रालयाचे म्हणणे होते. ते खरे मानले तरी प्रश्न सुटत नाही, कारण बाजारातल्या पुडीत नेमकी कोणती वेल आहे, हे घरी काढा उकळणाऱ्याला कळणार कसे?

म्हणून मागणी साधी आहे. झोपेसाठी किंवा वेदनेसाठी विकल्या जाणाऱ्या प्रत्येक वनस्पतिजन्य औषधाच्या वेष्टनावर वनस्पतीचा कोणता भाग आहे, अर्काचे प्रमाण किती आणि चाचणी उंदरावर झाली की माणसावर, हे स्पष्ट मराठीत छापले जावे. ग्रंथोक्त औषधांना ग्रंथातल्याच उपयोगासाठी परवाना देताना नव्या चाचणीची अट नसते. ही सवलत ठेवायची तर ठेवावी, पण मग 'शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध' हे शब्द डब्यावरून काढावेत.

दुसरी मागणी महापालिकेकडे. विलेपार्ल्याच्या कूपर रुग्णालयात आणि घाटकोपरच्या राजावाडीत गुडघेदुखीचे रुग्ण रोज येतात. कूपरला तर वैद्यकीय महाविद्यालयही जोडलेले आहे. तेथील अस्थिरोग विभाग, शहरातील आयुर्वेद महाविद्यालये आणि उपनगरांतील औषधनिर्माणशास्त्राच्या संस्था एकत्र आल्या, तर एकेका वनस्पतीची रीतसर चाचणी घेता येईल. आधी देशाच्या चाचणी नोंदवहीत नाव घालावे, रुग्णांची लेखी संमती घ्यावी, आरंभी आणि दर महिन्याला यकृताची तपासणी करावी आणि निकाल अनुकूल असो वा प्रतिकूल, तो प्रसिद्ध करावा. सुरुवात निर्गुडीच्या तेलापासून करायला हरकत नाही. ते घरोघरी वापरात आहे, बाहेरून चोळायचे असल्याने जोखीम कमी आहे, आणि तुलनेसाठी साधे तिळाचे तेल सहज मिळते.