आमच्या पावसाचा नकाशा आमच्या वेबसाईटवर कधी?

तौक्ते आठवतंय ना? मे २०२१. वादळ किनाऱ्याजवळून वर सरकत होतं आणि आपल्यातले कित्येकजण मोबाईलवर विंडीचा फिरता नकाशा बघत बसले होते. विंडी ही झेक कंपनी. तिचा नकाशा कोणालाही आपल्या वेबसाईटवर लावता येतो, कोडच्या एक-दोन ओळी चिकटवल्या की झालं. त्यात वाईट काही नाही. वादळ कुठे चाललंय ते कळतं.

पण आंबा-काजूचा विमा त्या नकाशावर ठरत नाही!

हवामान आधारित फळपीक विम्यात, गारपीट सोडली तर, तुमच्या बागेत येऊन कोणी नुकसान मोजत नाही. महसूल मंडळाच्या स्वयंचलित हवामान केंद्रात अवकाळी पाऊस किती, तापमान किती नोंदलं गेलं, त्यावर भरपाई ठरते. 'महावेध' प्रकल्पात स्कायमेटने राज्यात अशी दोन हजारांहून जास्त केंद्रं उभारली. मंडळनिहाय पाऊस कृषी विभागाच्या महारेन साईटवर मिळतोही. पण कसा? तक्त्यात. शोधा आणि वाचा.

फोंडाघाटात धो धो आणि कणकवली बाजारात ऊन, हे आपण दरवर्षी बघतो. जगभराचा अंदाज देणारं मॉडेल साधारण ९ किलोमीटरच्या चौकटीत चालतं, त्याला आपली वाडी काय दिसणार? बागायतदार विचारतो, "आमच्याकडे पावस किती पडलो, ह्या सांगतलो कोण?"

तांत्रिक अडचण सांगू नका. वेबसाईटवर हलता नकाशा दाखवणारं लीफलेट २०११ पासून मोफत आहे. ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा मोफत आहे, फक्त त्यांचं नाव द्यावं लागतं. मंडळांच्या हद्दी सरकारकडे, आकडे सरकारकडे. मग अडलंय कुठे? इच्छेत.

मागणी साधी आहे. जिल्ह्याच्या वेबसाईटवर आठही तालुक्यांचा नकाशा द्या, मराठीत. मंडळावर बोट ठेवलं की केंद्र नेमकं कुठे आहे, आजचा पाऊस, कमाल-किमान तापमान आणि मागच्या वर्षांच्या नोंदी दिसल्या पाहिजेत. केंद्र बंद असेल तर तसं लाल अक्षरात लिहा. आणि हाच नकाशा ग्रामपंचायतींना, आम्हा पोर्टलवाल्यांना आपापल्या पानावर लावता येईल असा कोड सोबत द्या.

विम्याचा हप्ता घेताना शेतकऱ्याचं मंडळ विचारता ना? मग भरपाई ठरवणारा आकडाही त्याला दाखवा.

पटलं तर गावच्या ग्रुपवर टाका.