विमान तुमचं, लॉगबुक कुणाचं?

स्वतःचं विमान ही मेसच्या बिलावरून भांडणाऱ्या आपल्यासारख्यांची चिंता नव्हे, हे मान्य. पण अमेरिकेत चार आसनी सेसना १७२ बाळगणारे डॉक्टर, शेतकरी, निवृत्त मास्तर असतात. त्यांच्यापुढचा प्रश्न मात्र थेट आपल्या विषयातला आहे: विमानाची देखभाल स्वतः बघायची, की पैसे मोजून एखाद्या व्यावसायिक संस्थेकडे सोपवायची?

तिथे दर १२ महिन्यांनी वार्षिक तपासणी सक्तीची. तेल बदलणं, स्पार्क प्लग साफ करणं अशी किरकोळ कामं पायलट असलेला मालक स्वतः करू शकतो, पण वार्षिक तपासणीवर सही खास अधिकार असलेल्या मेकॅनिकचीच लागते. शिवाय सक्तीच्या एअरवर्दीनेस डायरेक्टिव्हज, मॅग्नेटोचे ५०० तास, इंजिन ओव्हरहॉलचे साधारण २००० तास... नोकरी सांभाळून हा हिशोब ठेवणं म्हणजे बारमाही सबमिशनच! म्हणून तारखा सांभाळणारी, वर्कशॉपशी बोलणारी, बिलं तपासणारी संस्था जरूर नेमावी, असं माझं मत आहे. पण दोन अटींवर.

पहिली अट, ही संस्था वर्कशॉपपेक्षा वेगळी हवी. दुरुस्तीचे पैसे ज्याला मिळतात, त्यानेच काय दुरुस्त करायचं हे ठरवू नये. "जास्त खोललं की जास्त सुरक्षित" हा आपला समजही खरा नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश कोस्टल कमांडच्या बॉम्बर विमानांचा अभ्यास करताना सी. एच. वॉडिंग्टन यांना दिसलं, की ठरावीक ५० तासांच्या तपासणीनंतर लगेच बिघाड वाढतात आणि मग हळूहळू कमी होतात. १९७८ च्या नोलन आणि हीप यांच्या अहवालात, तपासलेल्या विमानभागांपैकी ८९ टक्के भागांना वयाची मर्यादा घालून काही फायदा नाही, असं निघालं. म्हणजे "हे उघडू नका" असं सांगायची हिंमत असलेला मॅनेजर हवा.

दुसरी अट, मालकाने डोकं गहाण टाकू नये. अमेरिकेच्या ९१.४०३ नियमानुसार विमान उड्डाणयोग्य ठेवण्याची प्रमुख जबाबदारी मालकाची किंवा विमान चालवणाऱ्याची. संस्था नेमली म्हणून ती सुटत नाही. युरोपात मान्यताप्राप्त संस्थेशी करार केला तर त्या कामांची जबाबदारी तिच्याकडे जाते. आपल्या डीजीसीएचे सीएआर-एम नियमही त्याच धर्तीचे आहेत. पण तिथेही उड्डाणापूर्वी विमानाभोवती फेरी मारून बघायचं काम करारात विकता येत नाही.

आपल्याकडे वॉटर कूलरवर एएमसीचं स्टिकर लागलं, की फिल्टर खरंच बदलला का हे कुणी उघडून बघत नाही. जर्नलवर मागची तारीख टाकून सह्या मागणारेही आपणच. उद्या आपल्यापैकी कुणीतरी विमानाच्या, बॉयलरच्या नाहीतर लिफ्टच्या कागदावर सही करणार आहे. त्या सहीवर विसंबून आत बसणारा माणूस लॉगबुक वाचायला येणार नाही. ते वाचायचं काम सही करणाऱ्याचंच!

- तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी