वाट सर्वांची, राखण कोणाची?

फराळाचे डबे रिकामे होत आले की दिल्लीच्या द्वारकेतल्या मराठी घरांत भटकंतीचे बेत सुरू होतात. थंडीतल्या रविवारी अरवलीत कुठे फिरायचे, उन्हाळ्यात उत्तराखंडातले कोणते बुग्याल, म्हणजे डोंगरमाथ्यावरचे कुरण, गाठायचे आणि गावी गेल्यावर कोणता गड चढायचा! आता गडांच्या बेताला अभिमानाची जोड आहे. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांतले ११ महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतला जिंजी. राजगड, लोहगड, साल्हेर यांची कीर्ती वाढली, तशी तिथली गर्दीही वाढणार हे उघड आहे. तटाबुरुजांची डागडुजी करायला पुरातत्त्व खाते आहे. पण बुरुजापर्यंत नेणाऱ्या पायवाटेला वाली कोण? आमचे म्हणणे असे की, वाट बंदीने टिकत नाही आणि नुसत्या आवाहनानेही टिकत नाही. किती माणसांचा भार तिला सोसेल हे ठरवावे लागते आणि तो हिशेब राखणाऱ्या गावाला त्यात हक्काचा वाटा द्यावा लागतो.

हे पटायला वाट बिघडते कशी, ते पाहावे. सततच्या पावलांखाली आधी गवत मरते, मग माती घट्ट दबते. दबलेल्या मातीत पाणी मुरत नाही. ते वाटेवरूनच धावते आणि वाटेची घळ होते. चिखल चुकवायला लोक कडेने चालतात, वळण चुकवायला सरळ खाली उतरतात आणि काही पावसाळ्यांत एका वाटेच्या चार वाटा होतात. यात कुणी कचरा टाकलेला नसतो, झाड तोडलेले नसते. म्हणूनच ‘पाऊलखुणांखेरीज मागे काही ठेवू नका’ हा फलक तोकडा पडतो. नुकसान पाऊलखुणांनीच झालेले असते. उपाय साधे आहेत. पाणी बाजूला काढून देणारे आडवे चर, चढावर दगडी पायऱ्या, चोरवाटांच्या तोंडाशी काटेरी फांद्या. पण ही कामे दर पावसाळ्याआधी करावी लागतात, आणि त्यांना माणसे लागतात, पैसा लागतो.

तो कुठून येतो, हे साताऱ्याजवळच्या कास पठाराने दाखवले आहे. जांभ्या खडकावर मातीचा जेमतेम थर, आणि त्यात सीतेची आसवे, तेरडा, सोनकी. तिथे एक पाऊल आडवे पडले तरी फुले चिरडतात. पठार जागतिक वारशात गेल्यावर गर्दी लोटली, तेव्हा दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा, आगाऊ नोंदणी आणि शुल्क आले. भोवतालच्या गावांच्या समित्यांकडे व्यवस्था आली, तिथल्या तरुणांना काम मिळाले. मात्र त्याच कासने दुसरा धडाही दिला. कुंपण घालून गुरांचा वावर रोखला, तेव्हा चराई थांबल्याने गवत माजते आणि फुले घटतात, असा आक्षेप स्थानिकांनी व अभ्यासकांनी घेतला. अखेर कुंपण काढावे लागले. पिढ्यान्‌पिढ्या तिथे वावरणाऱ्यांना विचारल्यावाचून केलेले संरक्षण असे अंगाशी येते.

शुल्काने गरिबाचा डोंगर हिरावला जाईल, हा आक्षेप गंभीर आहे. त्यावर सिंहगडाची पद्धत विचारात घेण्याजोगी आहे. तिथे उपद्रव शुल्क वाहनावर घेतले जाते. जो गाडीने वर जातो त्याच्या खिशाला चाट, पायी चढणाऱ्याला तोशीस नाही. अर्थात शुल्क म्हणजे व्यवस्था नव्हे. मे २०२२ मध्ये सिंहगडावर खासगी वाहने थांबवून ई-बस सुरू केल्या, पण गर्दीच्या मानाने तयारी अपुरी पडली आणि काही दिवसांतच प्रयोग गुंडाळावा लागला. दुसरा आक्षेप असा की, कोर्टाने एकदा बंदी घातली की काम भागते. उत्तराखंड उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये बुग्यालांवर रात्रीचा मुक्काम बंद केला आणि पर्यटकांची संख्या २०० वर आणली. आदेशामागची कळकळ खरी होती; कुरणे खरोखरच तुडवली जात होती. पण सगळ्या बुग्यालांना एकच आकडा लावला की खेचरवाले, वाटाडे, खाणावळवाले यांना तो परका वाटतो. ज्याच्या पोटावर नियम येतो, तो नियमाचा राखणदार होत नाही.

आपल्या शेजारी, गुरुग्राममध्ये, याहून आशादायक दाखला आहे. खाणींनी ओरबाडलेल्या सुमारे ३९० एकर जमिनीवर २०१० पासून नागरिकांच्या ‘आय ॲम गुरगाव’ संस्थेने पालिकेच्या साथीने धौ, सालई अशी मूळची अरवलीची झाडे रुजवली. २०२२ मध्ये या अरवली जैवविविधता उद्यानाला, संरक्षित क्षेत्राबाहेर जैवविविधता राखणारी देशातली पहिली जागा म्हणून मान्यता मिळाली. आता अशा जागी चालणारे, धावणारे, सायकलवाले सगळेच येतात, आणि मोकळ्या हवेत नियम कशाला, असे विचारतात. कारण वाट अरुंद आहे. सायकलवाल्याने चालणाऱ्याला, उतरणाऱ्याने चढणाऱ्याला आणि सगळ्यांनी गुराख्याच्या कळपाला वाट द्यावी. पाऊस पडून गेल्यावर ओल्या मातीत सायकल घालू नये, कारण चाकाच्या चाकोरीतूनच पुढे पाणी धावते.

सरकारने करावे ते सरकारने करावेच. पण सहली काढणारी मराठी मंडळे एवढे तरी आजच ठरवू शकतात: एका बसमधल्या पन्नास जणांना एकाच वाटेने न नेता गट पाडावेत, शनिवार-रविवार टाळता आला तर टाळावा, वाटाड्या आणि जेवण गावातलेच घ्यावे, आणि वर्षातली एक सहल वाट दुरुस्त करण्यासाठी ठेवावी. गडावर घोषणा देण्यापेक्षा गडाच्या वाटेवर चार दगड नीट बसवणे जास्त कष्टाचे, आणि अभिमानाला शोभणारेही.

— संपादक