शिकागो : दारिद्र्य सारखे, गोळीबार दुप्पट

शिकागोच्या दक्षिण भागात ग्रेटर ग्रँड क्रॉसिंग आणि साउथ शोअर या दोन वस्त्या एकमेकींना लागून आहेत. दोन्हींत बहुसंख्य रहिवासी कृष्णवर्णीय, दारिद्र्य जवळपास सारखेच, कायदे आणि पोलीस खाते तर एकच. तरीही लोकसंख्येच्या प्रमाणात ग्रँड क्रॉसिंगमधील गोळीबार साउथ शोअरच्या सुमारे दुप्पट. शिकागो विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ जेन्स लुडविग यांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात नेमके याच जोडीवर बोट ठेवले आहे. ‘गरिबी आहे म्हणून बंदुका चालतात’ हे उत्तर येथे अपुरे पडते.

अपुरे म्हणजे खोटे नव्हे. १९३० च्या दशकात केंद्रीय गृहकर्ज महामंडळाने ज्या वस्त्या नकाशावर लाल रंगाने दाखवल्या, त्यांच्याकडे बँकांनी पाठ फिरवली. १९७१ मध्ये युनियन स्टॉकयार्ड्स आणि १९९२ मध्ये यू. एस. स्टीलचा साउथ वर्क्स कारखाना बंद पडला. १९८२ च्या संपानंतरचे गिरणगाव ज्यांनी पाहिले, त्यांना ही कथा परकी वाटणार नाही. फरक हत्यारांचा. मुंबईत पिस्तूल सहसा टोळीकडेच असे. शिकागोत ते शेजारच्या इंडियानातून सर्रास येते.

लुडविग यांचे म्हणणे असे, की बहुतेक खून लूटमारीतून नव्हे, तर क्षणिक वादातून होतात. मग प्रश्न उरतो तो एवढाच, की वाद पेटला तेव्हा मध्ये पडणारे कोणी तिथे होते का? चालू दुकाने, वर्दळीचा रस्ता, ओळखीची वडीलधारी माणसे यांचे मोल इथे कळते. फिलाडेल्फियात ओसाड भूखंड साफ करून तेथे हिरवळ लावली, तेव्हा गरीब वस्त्यांमधील बंदुकीचा हिंसाचार २९ टक्क्यांनी घटल्याचे २०१८ च्या अभ्यासात दिसले. शिकागोत २०१२ मध्ये हिंसाग्रस्त भागांतील शाळांच्या मुलांना आठ आठवड्यांची उन्हाळी नोकरी देण्यात आली. पुढील सोळा महिन्यांत त्यांच्यातील हिंसक गुन्ह्यांसाठीच्या अटका ४३ टक्क्यांनी कमी झाल्या. विशेष म्हणजे ही घट मुख्यतः नोकरी संपल्यानंतरची आहे. म्हणजे ‘पोरे कामात गुंतली होती’ एवढेच त्याचे कारण नव्हते.

राजकारणाला मात्र हे तपशील रुचत नाहीत. एका बाजूला नॅशनल गार्ड हवे असते. दुसरी बाजू म्हणते, आधी दारिद्र्य संपवा. हा दुसरा युक्तिवाद सहृदय आहे, पण त्यात एक सोयही आहे: पिढ्यान्‌पिढ्यांचे काम पुढे केले, की या उन्हाळ्याचा हिशेब द्यावा लागत नाही. २०२१ मध्ये शिकागोत सुमारे ८०० खून झाले, २०२४ मध्ये सहाशेहून कमी. तीन वर्षांत तेथील दारिद्र्य हटलेले नाही. महासाथीचा ताण ओसरला हे खरे, तरी गरिबी आणि गोळी यांच्यामधला दुवा तोडता येतो, एवढे त्यातून दिसते.

असे असताना एप्रिल २०२५ मध्ये न्याय विभागाने देशभरातील शेकडो अनुदाने मुदतीआधीच रद्द केली. वस्त्यांमध्ये भांडणे मिटवणाऱ्या संस्थांची अनुदानेही त्यांत होती. इलिनॉयपुरता बोलायचे, तर आता मोठा भार राज्याच्या तिजोरीवर येतो. नेपरविल किंवा शॉमबर्गमध्ये राहून ‘साउथ साइडला जाऊ नका’ असे पाहुण्यांना बजावणारी आपली मंडळीही त्याच तिजोरीत कर भरतात. राज्याच्या पुढच्या अर्थसंकल्पात या कामाला किती रक्कम ठेवली जाते, हे आमदाराला विचारण्याचा हक्क त्यांनाही आहे.